मळी न आलेला रस

मामांच्या मांडीच्या हाडाची शस्त्रक्रिया झाल्यावर मी त्यांना भेटायला दवाखान्यात गेले, तेव्हा त्यांच्या उशाशी कोणीतरी आणून ठेवलेले सफरचंदाच्या रसाचे खोके होते. मी तो रस ग्लासात ओतून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो लगेच तोंडाला लावला नाही. खिडकीतून येणाऱ्या उन्हात ग्लास धरून ते बराच वेळ त्याच्या आरपार पाहत राहिले, मग ग्लास हळूच फिरवून बुडाशी काही बसले आहे का तेही त्यांनी पाहिले आणि मला विचारले, "हेला मळी आलीच न्हाई काय गं?" मामांनी उभे आयुष्य करवीर आणि पन्हाळा तालुक्यांतल्या गुऱ्हाळांवर गुळव्या, म्हणजे रस आटवून गूळ करणारा, म्हणून काढले आहे. काहिलीत उकळणाऱ्या रसावर मळी, म्हणजे वर तरंगून येणारा मळ, कधी धरते, ती कधी काढायची आणि जाळ कधी कमी करायचा हे त्यांना रंगावरून आणि वासावरून कळते, त्यामुळे तो प्रश्न सहज विचारलेला नव्हता. रस कारखान्यात काढलेला आहे, एवढेच मला सांगता आले. "साखर कारखान्यात बी मळी निघतीच की," ते म्हणाले. "रस म्हटला की मळी आली, फेस आला, चिपाड आलं. ह्येचं चिपाड कुठं गेलं?" त्यांनी अर्धा ग्लास प्यायला, उरलेला बाजूला ठेवला आणि भातलावणीचा विषय काढला.

माझ्या मनातून मात्र तो प्रश्न जाईना. कोल्हापूर म्हणजे पेय निघताना पाहणारे शहर. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशी येऊन उभ्या राहतात, समोर धार काढली जाते आणि फेसाळलेले कोमट दूध माणसे तिथेच उभ्याने पितात. रसवंतीत घुंगरांच्या नादावर चरक फिरतो, आले आणि लिंबू उसाच्या कांड्याबरोबरच रुळांत जाते आणि आपला ग्लास भरेपर्यंत आपण त्या हिरवट धारेवरची नजर काढत नाही. गुऱ्हाळावर गेलेल्या पाहुण्याला आधी रस, मग काकवी आणि थोडा वेळ थांबला तर हातावर न ठरणारा गरम गूळ मिळतो. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरीची पेठ वसवली, तेव्हापासून या शहराचा पैसा आणि जिभेची पारख दोन्ही रसाशी बांधलेली आहेत. अशा गावात वाढलेल्या मला सफरचंदाचा रस म्हणजे खोक्यातून पडणारे सोनेरी, पारदर्शक पाणी एवढेच ठाऊक होते. तो रस पारदर्शक का असतो हे मी नंतर वाचले. फळातले पेक्टिन नावाचे चिकट द्रव्य रसाला गढूळ ठेवते, म्हणून ते पेक्टिनेज नावाच्या विकराने (एन्झाइमने) तोडतात आणि मग रस अतिसूक्ष्म गाळण्यांतून काढतात. पुष्कळदा तो आटवून दाट करून ठेवलेला असतो आणि भरण्यापूर्वी त्यात पाणी परत घातले जाते. मामांनी जी मळी शोधली, ती आपल्यापर्यंत येण्याच्या कितीतरी आधीच निघून गेलेली असते.

सफरचंदाचा रस निघताना मी आयुष्यात कधीच पाहिलेला नव्हता.

सफरचंद आमच्या घरी आजारपणाबरोबर येत असे. ताप उतरला की डॉक्टर हलका आहार सांगत आणि संध्याकाळी वडिलांच्या पिशवीतून एखादे लाल फळ निघे. ते विळीवर चिरले जाई, आजाऱ्याला अर्धे आणि बाकीच्यांना एकेक पातळ फोड मिळे. आपली फोड लगेच संपू नये म्हणून मी ती हातात धरून बसे, आणि तेवढ्यात तिची पांढरी कड तपकिरी होऊ लागे. माळ्यावर सफरचंदांची एक रिकामी लाकडी पेटी होती, वडिलांच्या ओळखीच्या फळवाल्याने दिलेली. तिच्यात जुनी पुस्तके ठेवलेली असत, तरी फळ्यांच्या फटींत काश्मीरच्या भाताचे पिंजर आणि उर्दू वर्तमानपत्राचे तुकडे अडकून राहिले होते. पेटी उघडली की पिंजराचा कोरडा वास येई आणि त्याच्या मागे अगदी पुसट असा फळाचा. फोडीफोडीने खाल्लेले हे फळ दहा दहा किलो आणायचे आणि दाबून पिळायचे, हा विचार मला आजही पूर्णपणे सोसत नाही. रस काढायला बसले की आईने चिरलेल्या त्या पातळ फोडी आठवतात, हात क्षणभर थबकतो, आणि तरीही मी काम थांबवत नाही.

मामा घरी आले आणि वॉकर धरून अंगणापर्यंत जाऊ लागले, तेव्हा त्यांनीच पहिला मार्ग सुचवला: चरकात घालून बघ. ओळखीच्या एका रसवंतीवाल्याने चरक धुऊन देण्याच्या अटीवर काही सफरचंदे रुळांत सोडू दिली. फळ रुळांवर नाचले, मग एकदम चेचले गेले, आणि रसाबरोबर सगळा गरही खालच्या भांड्यात आणि दोन्ही बाजूंना पसरला. मामांना हे सांगितले तेव्हा त्यांनी पडल्यापडल्या त्याचे कारण दिले. "उसाला धागा हाय. रूळ धाग्याला धरतोय, धागा चोथ्याला धरून ऱ्हातोय, म्हणून रस तेवढा सुटतोय. तुझ्या फळाला धागाच न्हाई, तर रूळ धरणार कशाला?" मी पुढे जे जे वाचले ते सगळे या तीन वाक्यांत बसते. सफरचंदात सुमारे ८५ टक्के पाणी असते, पण ते पेशीपेशीत कोंडलेले असते, म्हणून अख्खे फळ कितीही दाबले तरी रस मोकळा होत नाही. आधी फळ भरडावे लागते आणि मग त्या भरडीला, रस बाहेर जाईल पण गर जाणार नाही, असे धरून ठेवणारे काहीतरी लागते. इंग्लंडच्या पश्चिम भागातले शेतकरी पूर्वी भरडीचे थर गव्हाच्या पेंढ्यात रचून दाबत, पुढे त्यांनी पेंढ्याच्या जागी घोड्याच्या केसांचे विणलेले कापड घेतले. आजही फळ जुने होऊन फार मऊ पडले असेल तर रस काढणारे कारखाने भरडीत भाताचे धुतलेले तूस मिसळतात, म्हणजे रसाला बाहेर पडायला वाटा राहतात. उसाजवळ जो धागा उपजत आहे, तो सफरचंदाला बाहेरून आणून द्यावा लागतो. हे कळल्यावर यंत्र कसे असावे याचे चित्र माझ्या डोळ्यांसमोर हळूहळू उभे राहिले.

शिवाजी उद्यमनगरात काम घेऊन गेले की माणूस सहसा "होत नाही" म्हणत नाही. ऑइल इंजिनाच्या सुट्या भागांवर आणि ओतकामावर वाढलेली ही वसाहत आहे. मी ज्या मिस्त्रींकडे गेले, त्यांनी माझ्या वहीतले चित्र दुकानाच्या दारात आणून उजेडात पाहिले. जाड चॅनेलची उभी चौकट, वरच्या आडव्या चॅनेलखाली गाडी उचलायचा सहा टनांचा बॉटल जॅक, आणि जॅकखाली कापडात बांधलेल्या भरडीचे थर, असे ते चित्र होते. "ताई, सफरचंद दाबायला सहा टन कशाला?" असे त्यांनी विचारले, आणि मी उत्तर देण्याआधी स्वतःच खडूने जमिनीवर हिशेब मांडला. फळी ३० सेंटिमीटर चौरस धरली तर क्षेत्रफळ ९०० चौरस सेंटिमीटर होते, आणि सहा टन त्यावर पसरले की दर चौरस सेंटिमीटरला साडेसहा किलोंच्या आसपासच दाब उरतो. "मग बरोबर हाय," ते म्हणाले, "पसरलं की जोर वाटून जातोय." जॅकची जागा मात्र त्यांनी बदलायला लावली. जॅक वर ठेवला आणि त्याचे तेल गळले तर ते सरळ रसात पडेल. खाली ठेवून त्याने परातीसकट थर वर उचलले आणि वरच्या अचल चॅनेलवर दाबले, तर गळलेले तेल जमिनीवर जाईल. परात वर सरकते म्हणून तोटीला लवचीक नळी जोडावी लागली, एवढाच फरक पडला. खाण्याच्या वस्तूंशी ज्यांचा रोजचा संबंध नाही, अशा माणसाने हा विचार माझ्याआधी केला याचे मला फार अप्रूप वाटले.

रसाला लागणारा प्रत्येक भाग स्टेनलेस स्टीलचा असावा, यावर मी ठाम होते. काहील लोखंडाची चालते, कारण उसाचा रस फारसा आंबट नसतो, त्याचा सामू (पीएच) पाचाच्या थोडा वर असतो. सफरचंदाचा रस साडेतीन ते चारच्या घरात, म्हणजे बराच जास्त आंबट, असतो. तो उघड्या लोखंडाला लागला की त्यातले टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारे द्रव्य, लोहाशी मिळून रस काळवंडतो आणि जिभेवर धातूची चव उतरते, आणि गॅल्व्हनाइझ केलेल्या पत्र्यावरचे जस्त तर त्यात विरघळतेच. म्हणून चौकट साधी, रंग दिलेली, पण परात, तोटी आणि दाबफळी स्टीलची केली. भरडण्यासाठी मिस्त्रींनी खाद्यपदार्थांना चालणाऱ्या जाड प्लास्टिकचा गोल ओंडका लेथवर उतरवला, त्यात स्टीलचे स्क्रू ओळीने बसवून त्यांची डोकी काही मिलिमीटर बाहेर ठेवली आणि तो अर्ध्या अश्वशक्तीच्या मोटरला जोडला. त्यातून पडणारी भरड किसापेक्षा जाड आणि फोडीपेक्षा बारीक असते. मिक्सरमध्ये वाटलेला गर उपयोगाचा नसतो, कारण तो कापडाची छिद्रे बुजवतो आणि दाब वाढला की रस सोडण्याऐवजी स्वतःच कडांतून बाहेर येतो. कापड म्हणून बिनधुवट मांजरपाट घेतले, उकळून खळ काढलेले. दोन थरांमध्ये ठेवायच्या जाळ्या बुरूडकाम करणाऱ्या एका बाईंनी पक्क्या बांबूच्या कामट्यांच्या करून दिल्या. खिळा नको आणि वार्निश नको, एवढेच त्यांना सांगितले होते. त्यांनी कामट्यांच्या कडा कापडाला लागू नयेत म्हणून हाताने घासून गोल केल्या, हे मी सांगितलेले नव्हते.

फळ निवडण्याची वेगळी पारख असते. मार्केट यार्डात ऑगस्टपासून हिमाचलचा माल दिसू लागतो आणि पुढे काश्मीरचा येतो. प्रवासात ठेचकाळलेली, डाग पडलेली फळे वेगळी काढून कमी भावात विकली जातात, आणि रसासाठी तीच पुरतात. पण डागी आणि नासके यांत मी काटेकोर भेद करते. मार लागून तपकिरी पडलेला गर चालतो. बुरशी धरलेले फळ मात्र, नासका भाग कापून टाकूनसुद्धा, मी घेत नाही, कारण त्या बुरशीतून पॅट्युलिन नावाचे विष तयार होते, ते न नासलेल्या भागातही उतरलेले असू शकते आणि रस तापवल्याने फारसे कमी होत नाही. सफरचंदाच्या रसात किलोमागे ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त पॅट्युलिन असू नये, अशी आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे, आणि घरी ते मोजण्याचे कोणतेही साधन नसते, डोळे आणि नाक एवढेच असते. फळ आणले की लगेच मी ते दाबतही नाही. सावलीत पसरून थोडे दिवस मुरू दिले की उरलेल्या पिष्टाची साखर होते आणि गर भरडायला सोपा जातो. तेवढे दिवस घरभर जो वास दरवळतो, तो माळ्यावरच्या पेटीतल्या वासाशी कुठेतरी जुळतो.

गच्चीवर पहिल्यांदा यंत्र मांडले, तेव्हा मामांसाठी खुर्ची वर नेली होती. मोटर सुरू झाली, धुतलेली फळे एकेक करून तोंडातून आत गेली आणि खाली पांढरी, ओली, चकाकणारी भरड पडू लागली. ती पातेल्यात जमेपर्यंत वरचा थर बदामी झालेला असे, कारण गरातले विकर हवेशी गाठ पडताच रंग बदलू लागते. चौकोनी साचा ठेवून त्यावर कापड तिरपे पसरायचे, भरड घालून हाताने सारखी करायची, चारी कोपरे दुमडायचे, साचा उचलून वर कामट्यांची जाळी ठेवायची, आणि मग पुढचा थर. सगळे थर रचून होईपर्यंत जॅकला हातही लागलेला नव्हता, तरी केवळ वरच्या थरांच्या भाराने तोटीतून रस सुरू झाला होता. तो पहिला, आपणहून आलेला रस मी वेगळा धरला. मग जॅकचा दांडा हळूहळू हलवायचा, धार जोरात आली की थांबायचे, ती बारीक झाली की पुन्हा दोन दाब द्यायचे. घाई केली तर बाहेरची भरड दबून घट्ट होते आणि आतल्या रसाची वाट बंद होते. कापड भिजून काळपट होत गेले, बांबू कुरकुरला, आणि कुठून कोण जाणे, मधमाश्या येऊन परातीच्या कडेवर बसल्या. "गुऱ्हाळावर बी ह्याच आसतात," मामा म्हणाले, आणि त्यांनी त्यांना हाकलू दिले नाही.

धार थांबल्यावर मी कापड उघडले, तेव्हा आत चोथ्याची चपटी, कोरडी वडी निघाली. मामांनी ती मागून घेतली, मोडून पाहिली, चिमूटभर तोंडात टाकून चघळली आणि "आजून हाय ह्यात" असा निर्णय दिला. ती हाताने मोकळी करून आम्ही पुन्हा दाबली आणि खरोखरच आणखी बराच रस आला. दहा किलो फळांतून साडेपाच लिटरांच्या आसपास रस मिळाला, म्हणजे घरच्या यंत्राला शोभेल इतका. तो गढूळ होता, तपकिरी होता आणि त्यावर बारीक फेस होता. आमच्या ऑक्टोबरमधल्या उन्हात असा रस उघडा राहिला तर दुसऱ्या दिवशीच सालीवरच्या यीस्टने तो फसफसू लागतो, आणि राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय मद्य करता येत नाही, म्हणून थोडा ताजा प्यायला ठेवून बाकीचा लगेच तापवायचा होता. रुंद स्टीलच्या पातेल्यात तो सत्तर अंशांच्या पुढे गेला, तशी कडेकडेने राखाडी साय जमू लागली आणि थोड्याच वेळात तिने सगळा पृष्ठभाग झाकला. उष्णतेने गोठलेली प्रथिने आणि त्यांच्याबरोबर गोळा झालेले पेक्टिन यांची ती साय. गुऱ्हाळात हेच घडावे म्हणून रानभेंडीचा चिकट रस घालतात. मामांनी जाळीचा झारा मागितला, वॉकर एका हाताने धरून उभे राहिले आणि कडेपासून मध्यापर्यंत सगळी मळी काढली. मी झारा परत घ्यायला पुढे झाले तर त्यांनी दिला नाही.

चवीबद्दल मात्र आमच्या दोघांच्याही मनात काहीतरी उरले. रसाला दाटपणा होता, साल चावल्यासारखा एक सूर होता, जो खोक्यातल्या रसात मला कधी मिळाला नव्हता. पण दोन घोटांनंतर गोडवा जिभेवर पसरून राहत होता आणि त्याला अडवणारे काही नव्हते. याचे कारण फळाच्या जातीत आहे. आपल्याकडे येणारी सफरचंदे मुख्यतः डेलिशियस घराण्यातली आहेत. सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकेतून आलेल्या गृहस्थांनी गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सिमल्याजवळच्या कोटगढ भागात ती रुजवली. स्वातंत्र्यचळवळीत तुरुंगात गेलेल्या आणि पुढे सत्यानंद हे नाव घेतलेल्या या माणसाने हिमाचलच्या डोंगराळ शेतीचे नशीब पालटले, याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ते खाण्याचे फळ आहे, देखणे, गोड, कमी आंबट. इंग्लंडमधल्या सॉमरसेट, हेरफर्डशर आणि फ्रान्सच्या नॉर्मंडी भागांत रसासाठी ज्या जाती लावतात, त्यांत टॅनिन इतके असते की ते फळ नुसते खाववत नाही. तुरटपणा आणि आंबटपणा हाच त्या रसाचा कणा असतो, आणि तो कणा कोल्हापूरच्या बाजारात सफरचंदाच्या पेटीतून मिळणार नाही.

तो आवळ्यातून मिळेल, असे माझे मत आहे. काश्मीरची शेवटची पेटी येते तेव्हाच बाजारात नवा आवळा आलेला असतो. त्यात आम्ल आहे, टॅनिन आहे, आणि त्यातले क जीवनसत्त्व भरडीचा रंग पालटण्याचे काम मंदावते. बिया काढून आवळा सफरचंदांबरोबरच भरडला तर रस फिका, तुकतुकीत निघतो आणि प्यायल्यावर गालांच्या आतून तुरटी जाणवते. मामांना हे पटत नाही. गूळ पिवळा दिसावा म्हणून लोक हायड्रोस पावडर घालू लागले तेव्हा त्यांनी काही गुऱ्हाळे सोडली होती, आणि रंग धरून ठेवण्यासाठी रसात बाहेरचे काहीही घालणे त्यांना त्याच रांगेतले वाटते. मी चवीसाठी म्हणते, ते रंगासाठी ऐकतात. रसवंतीत लिंबू चालतेच ना, असे मी म्हणून पाहिले. "ते पिणाऱ्याच्या तोंडासाठी हाय, गुळात कोण लिंबू पिळतंय?" असे त्यांचे उत्तर आले. आवळा ग्लासात पिळ, काढताना घालू नको, ही त्यांची तडजोड मला मान्य नाही, कारण पहिल्या क्षणापासून आवळा सोबत नसेल तर रंग आणि वासातला ताजेपणा हवेत निघून गेलेला असतो आणि मागून घातलेला आवळा वेगळाच राहतो.

चोथ्याबद्दल मात्र वाद नाही. तो शेजारच्या गोठ्यात जातो, रोज थोडा थोडा वैरणीत मिसळून, कारण त्यात साखर बरीच आणि प्रथिने कमी असल्याने म्हशीला एकदम जास्त घालणे बरे नव्हे. यंदा गुऱ्हाळे पेटायच्या आधी, मामांना गावाकडे जायचे वेध लागण्यापूर्वी, दोन वेगळे घाणे काढायचे ठरले आहे, एक नुसत्या सफरचंदाचा आणि एक आवळ्यासह. दहा किलोंना अर्धा किलो आवळा हे माप मी धरले आहे. मामा पाव किलोच्या वर जायला तयार नाहीत.